आराधना कक्षातील थंडी



आजारी भाविकांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी फिरत होतो. एका आजीबाईंच्या घरी गेलो. पहिल्या शुक्रवारच्या आराधनेला न चुकता येणाऱ्या ह्या आजी बरेच दिवस दिसल्या नव्हत्या, म्हणून त्यांना आम्ही आजाऱ्यांच्या यादीत धरले होते. पाहतो तर आजी ओट्यावर बसून भाजी निवडत होत्या! म्हणाल्या, "फादर, मला काय झालंय? पण तुमच्या त्या एसीत माझे गुडघे धरतात. शाल घेतली तरी पाय गार पडतात. म्हणून मी आपली घरीच रोझरी म्हणते."

'तुमच्या एसीत' हे शब्द आम्हांला लागले. कारण आराधना कक्षातला एसी १८ वर ठेवणारे आम्हीच होतो. उपासनेची वस्त्रे एकावर एक चढवून वसईच्या दमट मे महिन्यात वेदीपाशी उभे राहिले की घामाच्या धारा लागतात. आम्हांला उकडते म्हणजे सगळ्यांनाच उकडते, असे आम्ही धरून चाललो होतो.

हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. मोठ्या चर्चमध्ये पंखा वाढवला की वेदीवरील मेणबत्त्या फडफडतात, कमी केला की गायकवृंद कुरकुरतो. पंख्याखालच्या बाकावरून कुणी उठून जातो, तर कुणी त्याच जागेसाठी लवकर येतो. उरलेले हेच पत्रक वारा घ्यायला वापरतात. (मग जमल्यास वाचतात.) आराधना कक्षात तर रिमोटवरून डोळ्यांनीच भांडण चालते. पवित्र साक्रामेंतासमोर बोलता येत नाही ना!

ह्यात हट्टी कोण आणि नाजूक कोण, हे ठरवण्याची आपल्याला घाई असते. पण डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फांगर ह्यांनी १९७० साली ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. माणसाला बरे वाटणे केवळ हवेच्या तापमानावर नव्हे, तर दमटपणा, वारा, भिंती-छताची उष्णता, अंगावरचे कपडे आणि हालचाल ह्यांवरही अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. त्यांच्या हिशेबाने तापमान कितीही उत्तम राखले तरी शंभरातले सुमारे पाचजण नाखूश राहतातच. २०१५ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कार्यालयांतील तापमानाचे हिशेब चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे शरीर समोर ठेवून केलेले आहेत. म्हणजे आमच्यासारख्याचे! लुगडे नेसून तासभर निश्चल बसणारी आजी त्या हिशेबात कुठे आली?

पवित्र शास्त्रात मात्र ती आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवातच म्हाताऱ्या दाविदापासून होते. त्याच्यावर पांघरुणे घातली तरी त्याला ऊब येत नव्हती. गल्याथाला लोळवणारा तो वीर थंडीने कुडकुडत होता, पण 'तुला उगाच थंडी वाजते' असे त्याला कुणी म्हटले नाही. संत पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, की त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी ये. एवढा मोठा प्रेषित, पण 'मला थंडी वाजेल' हे सांगायला तो लाजला नाही. आपले लोक लाजतात. गुपचूप मागच्या बाकावर जातात, मग दाराबाहेर, आणि मग घरीच राहतात.

संत याकोब तर थेट आमच्याच वर्मावर बोट ठेवतात. उघड्या-उपाशी भावंडाला कुणी नुसतेच 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणून वाटेला लावले, तर उपयोग काय, असे ते विचारतात. "आजी, शाल आणा" हे आम्ही कितीदा सांगितले होते!

शासनाच्या नियमानुसार २०२० पासून स्टार असलेले खोलीचे एसी मुळातच २४ अंशांवर लावून मिळतात. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' ह्या परिपत्रकात एसीच्या वाढत्या वापराचे उदाहरण मुद्दाम दिले आहे. तेव्हा बिलाच्या बाजूनेही आमचे १८ टिकत नाही.

आता आराधना कक्षात एसी २६ वर आणि पंखा मंद, असे आम्ही ठरवले आहे. वारा फिरता असला की २६ लाही बरे वाटते. दाराजवळचे दोन बाक एसीच्या झोतापासून दूर हलवले आहेत. रिमोट साक्रिस्तीत राहील. ज्यांना त्रास होतो त्यांनी तिथे येऊन सांगावे. उकडणाऱ्यांनीही सांगावे, तेही खोटे बोलत नाहीत. गायकवृंदातील तरुणांनी आताच तोंडे वाकडी केली आहेत. त्यांच्याशी मिस्सानंतर बोलायचे आहे.

आजीबाईंनाही निरोप धाडला. उत्तर आले: "बघते. गुडघ्यांना विचारून सांगते."