पदवी एकाची, कर्ज कोणाचे?



"मुलीला समाजशास्त्रात एम. ए. करायचे आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण मौलाना, शिकून मिळणार किती?" निकालाच्या दिवसांत हा प्रश्न अनेक पालक विचारतात. काही जण तो संकोचत विचारतात, जणू इल्मचा हिशेब मांडणे म्हणजे दुनियादारी. तसे नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, 282) कर्जाच्या व्यवहाराविषयीच आहे. मुदत ठरवा, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. तेव्हा 'अल्लाह मालिक आहे' असे म्हणून न वाचताच बँकेच्या कागदावर सही करणे, याला तवक्कुल म्हणत नाहीत.

म्हणून आधी आकडे पाहू या. समजा, एखाद्या महागड्या संस्थेतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षी तीन लाख, असे सहा लाख रुपये दसादशे 10 टक्क्यांनी घेतले. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासूनच चढू लागते. मधल्या काळात ते भरले नाही, तर पहिल्या हप्त्याच्या वेळी सहाचे साडेसात लाख झालेले असतात. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 12,450 रुपये, म्हणजे एकूण जवळजवळ साडेदहा लाख. सुरुवातीचा पगार 25,000 धरला, तर त्यातला अर्धा भाग बँकेचा. आणि सहकर्जदार म्हणून सही असते ती पित्याची, ज्याची निवृत्ती बहुधा याच सात वर्षांत येते.

हा झाला दुनियेचा हिशेब. व्याजाबाबत कुरआनाने जितका कठोर इशारा दिला आहे (अल-बकरा, 278-279), तितका फार थोड्या गुन्ह्यांबाबत दिला आहे. 'जरूरत' म्हणून काही सवलत मिळते का, यावर उलमांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे मत एवढेच, की शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात तोच विषय अल्प शुल्कात शिकता येत असताना नामांकित इमारतीसाठी व्याज पत्करणे, ही लाचारी ठरत नाही. ज्यांनी असे कर्ज आधीच घेतले आहे, त्यांना टोचून बोलू नये. ते लवकर फिटावे म्हणून हातभार लावावा.

परंतु एवढे ऐकून बरेच पालक दुसऱ्या टोकाला जातात. पैसा नाही, तर असला विषय हवाच कशाला? येथे मी त्यांच्याशी सहमत नाही.

इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी 'इह्या'मध्ये तक्रार केली आहे, की लोक फिकहच्या वादांकडे धावतात आणि कित्येक शहरांत एक मुस्लिम वैद्य सापडत नाही. वैद्यक, हिशेब, शेती, विणकाम यांना त्यांनी फर्ज-ए-किफाया म्हटले. कोणीच शिकले नाही, तर अख्खी वस्ती गुन्हेगार. समाज कसा उभा राहतो आणि कसा खचतो, याचे शास्त्र इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये 'मुकद्दिमा' लिहून मांडले. आपल्या काळातले सांगायचे, तर 2006 चा सच्चर समितीचा अहवाल आठवा. आपली मुले शाळा कोठे सोडतात, आपल्याला बँकेचे कर्ज किती मिळते, हे देशासमोर आले ते आकडेवारी जमवणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसांमुळे. आपण व्यासपीठावरून त्या अहवालाचे दाखले देत राहिलो. तसा अहवाल लिहू शकणारी किती मुले आपण घडवली?

एक हदीस आपण कर्जाची भीती घालण्यासाठी सांगतो. 'सहीह बुखारी'त आहे, की एका मय्यतीवर तीन दिनारांचे कर्ज होते आणि मागे काही ठेवलेले नव्हते. प्रेषित (सल्ल.) यांनी स्वतः जनाजाची नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितले. आपण बहुतेकदा येथेच थांबतो. पुढे हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, आणि मग प्रेषितांनी नमाज पढवली. या हदीसमध्ये कर्जदार एक आहे, तसा खांदा देणाराही एक आहे. जे ज्ञान सगळ्या वस्तीवर फर्ज आहे, त्याचा खर्च एकवीस वर्षांच्या एका मुलीने व्याजासकट का वाहावा?

तेव्हा त्या पालकांना माझे उत्तर असे. प्रथम शासकीय विद्यापीठ पाहा. नोकरी करत शिकायचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. पुढे नेटमधून जेआरएफ मिळाली, तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत. ती मिळेलच असे धरून मात्र कर्ज काढू नका. विद्यार्थी निसाबचा मालक नसेल आणि जकातीस पात्र असेल, तर जकात देता येते. हनफी मतानुसार ती त्याच्याच हाती सोपवावी, शुल्क त्याने भरावे.

आणि मोहल्ल्याने कर्ज-ए-हसना द्यावे. वर्षाला 30,000 लागत असतील, तर पंचवीस घरांचे महिना शंभर रुपये पुरतात. एवढे तर आपण एका वलीम्याच्या पाकिटात घालतो. मात्र घरचीच मुलगी म्हणून तोंडी व्यवहार नको. रक्कम, मुदत आणि दोन साक्षीदार कागदावर असावेत, आणि नोकरी लांबली तर सवड देण्याचे कलमही (अल-बकरा, 280). प्रवेश जून-जुलैत सुरू होतात; मशिदीच्या जमातीची बैठक त्याआधी व्हावी.