लग्नाची तिथी आणि जुनी पत्रं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दर गुरुवारी आरतीनंतर आपण लग्नाचा वाढदिवस असलेल्या जोडप्यांना औक्षण करतो. पूर्वी हा दिवस कसा करायचे, असं नव्या सुना विचारतात. म्हणून आम्ही काही जणींनी घरची जुनी पत्रं काढली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची. बहुतेक पोस्टकार्डं.

केक-फुगे त्यांत नाहीत हे सांगायलाच नको. तारीखसुद्धा नाही, तिथी आहे. एका आईने लेकीला लिहिलंय, "येत्या वैशाख शुद्ध सप्तमीस तुमच्या लग्नास बारा वर्षे होतात. देवीची ओटी भरावी, एक मेहूण जेवू घालावे. खणासाठी पाच रुपये मनीऑर्डरीने पाठविले आहेत." झाला सोहळा!

मग त्याच घरातली पुढची पत्रं वाचली. पत्त्यावरचं 'सौ.' जाऊन 'गं. भा.' आलं आणि तिथीचा उल्लेखच थांबला. आई तीच, लेक तीच, वैशाखही दरवर्षी येतोच. वाचताना आमच्यातल्या दोघी गप्प झाल्या. त्यांचे यजमान आता नाहीत. गुरुवारी औक्षणाचं ताट आलं की त्या उठून मागे चपलांच्या कपाटापाशी बसतात. तसं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

सप्तपदीत अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू यांसाठी पावलं टाकून झाली की सातवं पाऊल सख्याचं असतं. सख्य देहाबरोबर जातं का? टेंबे स्वामी महाराजांनी 1914 साली गरुडेश्वरी देह ठेवला, म्हणून आपण त्यांचे कोणी नाही झालो का? उलट पुण्यतिथी जास्तच भक्तीने करतो.

आपली नृसिंहवाडी ज्या शिरोळ तालुक्यात, त्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शास्त्रात बसतं का, असं ज्येष्ठ विचारतील. औक्षण आपण आयुष्य लाभावं म्हणून करतो ना? मग आयुष्य त्यांनाही आहेच की.

तेव्हा येत्या गुरुवारसाठी नावं मंगळवारपर्यंत सेवेकरी ताईंकडे द्यावीत. जोडीदार हयात नसेल तरी द्यावीत, पुरुषांनीही. (ते सहसा सांगतच नाहीत!) तिथी आठवत नसेल तर तारीख आणि साल कळवा, जुन्या पंचांगातून काढून देऊ.