मगरीही उम्मतच

सांगलीजवळ कृष्णेत मगरींनी माणसांचे बळी घेतले आहेत. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारण्यास मनाई आहे. खानदेशात तापीकाठी राहणाऱ्या आपणांसही हा प्रश्न परका नाही: मोमिनाने कोणाची बाजू घ्यावी?

सूरह अन्आमच्या ३८ व्या आयतीत प्राण्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. एका मुंगीच्या दंशापायी सारे वारूळ जाळणाऱ्या एका नबींना (अलैहिस्सलाम) अल्लाहने जाब विचारला, ही हदीस सहीह बुखारीत आहे. तेव्हा हल्ल्यापासून जीव वाचवणे जायज. एकीने माणूस मारला म्हणून सारी जात संपवणे नव्हे.

मात्र मगरीला अभय देऊन घाटावर कुंपण न घालणारा समाज अमानत अर्धीच पाळतो. उरलेल्या अर्ध्याची किंमत घरात नळ असलेले आपण मोजत नाही. नदीवर धुणे नेणारी बाई मोजते.