पाणी पाहून फड

साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या एका गावात एक म्हातारे पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी फडांत, म्हणजे शेतांच्या गटांत, पाळीने फिरवण्यात त्यांचा जन्म गेला. इथली ही फडपद्धत तीनेकशे वर्षांची जुनी. नातवाने मात्र गावात इंटरनेटचा धंदा सुरू केला.

धंदा जोरात चालला. 400 घरांना त्याने 50 एमबीपीएसचा प्लॅन दिला आणि धुळ्याहून 400 एमबीपीएसची लाइन आणली. दिवसा ती निम्मीही भरत नसे. रात्री आठ वाजले की फोन सुरू. कुणाची मॅच अडकलेली, कुणाची सिरीयल नुसती गोल फिरतेय. एका रात्री शेवटच्या गल्लीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली. जळगावच्या विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरायची शेवटची तारीख होती आणि पान उघडत नव्हतं. अर्जाला नेट लागतं ते केवढं! पण गर्दीत तेवढंही अडकलं. नातवाने आपल्या मोबाइलवरून तिचा अर्ज भरून दिला.

मग तो आजोबांना म्हणाला, "आबा, माझं काय चुकलं? सगळे एकदम थोडेच वापरतात? घरगुती जोडण्यांना एकास पन्नास चालेल असं दूरसंचार नियामक 'ट्राय'नेच 2009 मध्ये सांगितलंय. मी तेवढंच केलं."

"म्हणजे 20,000 विकले आणि 400 आणले," आबा म्हणाले. "आमचीही सगळी शेतं एका दिवशी पाणी मागत नाहीत, म्हणून तर एका पाटावर एवढं रान भिजतं. पण उसाचा फड कोणता, हे पंच नदीचं पाणी पाहून ठरवायचे. पाणी कमी दिसलं तर एखादा फड कोरडा ठेवायचे. पानी देखीसन फड ठरस, भाऊ! तू आधी फड वाटलेस. आणि मला तरी पाळी लावता येते, एखाद्याला रात्री दोनला पाणी देता येतं. मॅच बघणाऱ्याला तू पहाटे ये म्हणशील?"

दुसऱ्या रात्री नऊला नातू मोजायला बसला. 150 घरांत टीव्ही नेटवर चालू होता. स्वच्छ चित्राला घरटी 5 एमबीपीएस धरले, तर 750 झाले. त्याची लाइन जेमतेम 80 घरांची. शिवाय गर्दीच्या वेळी लाइन 80 टक्क्यांच्या आत राहावी, हे ट्रायच्याच 2006 च्या नियमात होतं. सोयीचा आकडा त्याने पाठ केला होता, हा वाचलाच नव्हता. 750 त्यात बसवायचे तर 940 तरी हवेत.

त्याने 1,000 ची लाइन घेतली. नफा घटला, तो त्याने सोसला. आता रात्री नऊचा आकडा दुकानाच्या फळ्यावर रोज लिहिला जातो. तो 800 ला टेकला की लाइन वाढेपर्यंत नवी जोडणी बंद.

तुम्ही जोडणी घ्याल तेव्हा प्लॅन केवढ्याचा, हे मागाहून विचारा. रात्री नऊला तुमची लाइन किती भरते, हे आधी विचारा.