धुडक्यातलं रक्त

बाळंतिणीच्या अंगावरून जाणारं रक्त विटाळाचं असतं का? माझी सगळी नोकरी उपकेंद्रावर एएनएम नर्स म्हणून गेली. आधी अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीकडे, मग बदली होऊन मेळघाटात. निवृत्तीनंतर आता अमरावतीत राहते. हा प्रश्न मला कुणी प्रश्न म्हणून फारसा विचारला नाही. सुईणींनी, सासवांनी, बी.ए. झालेल्या सुनांनीही त्याचं उत्तरच ठामपणे सांगून टाकलं : "बाई, हात नोका लावू, विटाळ हाये." मी हात लावायचे, माझं कामच होतं ते. पण सरकारी कामाच्या आड उभं राहून धर्माचा प्रश्न सुटत नाही. ज्या बाईनं विटाळ मानला ती मूर्ख नव्हती. तिला धर्म पाळायचा होता. तेव्हा तिला उत्तर द्यायचं तर धर्माच्या जागेवर उभं राहूनच द्यावं लागेल.

आधी शरीराचं काय होतं ते सांगते. बाळ झालं, वार पडली, की गर्भाशय आकसून नारळासारखं टणक व्हायला हवं. पोटावर हात ठेवला की ते हाताला लागतं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना टाके घालता येत नाहीत, भोवतालचे स्नायू आकसतात आणि तेच त्यांना आवळून धरतात. स्नायू सैल राहिले तर सकाळपर्यंत चालतीबोलती असलेली बाई दोन तासांत जाऊ शकते. पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की अतिरक्तस्राव, असं आम्हांला शिकवलं. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त नाही, ती त्याच्याही आधी कोसळते.

आणि नेमक्या त्याच दोन तासांत आमच्याकडे घरातली माणसं लांब सरकतात. बाळंतिणीची बाज कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत असते. सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, दहा-बारा दिवसांचं. या चालीत काही चांगलं नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत बाईला चूल नाही, पाणी भरणं नाही, वावरात जाणं नाही, नवरा जवळ येत नाही. वर्षभर जिला कुणी बस म्हणत नाही, तिला तेवढे दिवस पाठ टेकायला मिळते. माझ्या आजीचा सुवेर मोडायला विरोध होता तो यासाठीच. "विटाळ गेला तं तिसऱ्या दिवशी पोरीले धुणं धुवाले लावतीन," असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. पण आराम द्यायचा तर तो ती दमली म्हणून द्यावा. तिची किळस येते म्हणून दिलेला आराम फार महाग पडतो, कारण ज्याची किळस येते त्याच्याकडे माणूस बघत नाही.

माझी धाकटी काकू तिसऱ्या बाळंतपणात गेली. मी तेव्हा शाळेत होते. घरी म्हणाले, बाहेरची बाधा झाली. कुणी म्हणालं, तिचं तेवढंच आयुष्य, सटवीनं लिहिलं ते चुकत नाही. पुढे शिकल्यावर मी त्या सुईणीला गाठलं. ती खूप म्हातारी झाली होती. किती रक्त गेलं होतं, विचारलं. ती म्हणाली, धुडकी भिजत होती, ती काढून मी उकिरड्यात पुरत होते. किती, हे तिनं मोजलं नव्हतं. मोजायचं कशासाठी? पुरुषांच्या नजरेला ते पडू नये, एवढीच तिला शिकवण होती आणि ती तिनं इमानानं पाळली. घरातल्या एकाही माणसानं तो ढीग पाहिला असता तर बैलगाडी जुंपली असती. मला आजही तिचा राग येत नाही. राग येतो तो त्या शिकवणीचा.

आमचं घर महानुभाव पंथाचं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आमच्यासाठी काशी. गोविंदप्रभू तिथले. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी यांचं जाणं झाल्यावर त्यांचे शिष्य तिथेच गोळा झाले. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र तिथेच, वाजेश्वरीत बसून लिहिलं, साधारण 1278 च्या सुमारास. त्यात स्वामींची एक भूमिका स्पष्ट दिसते. बाईची पाळी ही नाक, डोळे, कान यांतून येणाऱ्या मळासारखीच शरीराची गोष्ट आहे, तिनं बाई अपवित्र होत नाही. भोवतीचा समाज बाईला त्या दिवसांत बाहेर बसवत होता आणि हे त्याच काळात सांगितलं जात होतं. ऐकायला महदाइसेसारख्या शिष्या समोर होत्या. त्या प्रश्न विचारत होत्या, वाद घालत होत्या. स्वामी बोलले ते पाळीबद्दल. बाळंतपणाच्या रक्ताला तोच न्याय लावायला मला कुठलाही शास्त्री लागत नाही. ज्या गर्भाशयाचा स्राव अपवित्र नाही, त्याच गर्भाशयातून माणूस जन्माला येताना तो अपवित्र कसा होईल?

पण मला पुढचा प्रश्न पडतो. सातशे वर्षांपूर्वी हे आमच्या वऱ्हाडात लिहून झालं, तर काकूच्या खोलीत ते का पोचलं नाही? आमच्या घरात पंचकृष्णांचं स्मरण रोज होत होतं. म्हणजे वचन होतं, श्रद्धा होती. नुसत्या वचनानं भागलं नाही. रक्त पवित्र आहे की नाही, यावर माणसं शतकानुशतकं बोलत राहतील. ते किती गेलं, हे विचारायला वेगळी जात लागते. ती जात अभ्यासकांची, आणि ते काम मला धर्माबाहेरचं वाटत नाही.

1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं हेच केलं. एका कक्षात बाया तापानं फार मरत होत्या, शेजारच्या सुइणींच्या कक्षात त्या मानानं कमी. लोक हवेला, नशिबाला, बायांच्या भित्रेपणाला दोष देत होते. त्यानं मोजलं. पहिल्या कक्षातले डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत होते. त्यानं त्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि अठरा टक्क्यांवर गेलेले मृत्यू काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आले. बाईकडून माणसाला बाधा होते असं जग म्हणत होतं. तिथे बाधा माणसाच्या हातून बाईला होत होती. विटाळाची दिशाच उलटी निघाली. आमच्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि घाण काढणं हीच पूजा केली. हात धुणं हे मला त्याच रांगेतलं वाटतं.

मात्र माझ्या कामाला सगळ्यात जवळचा अभ्यास बेळगावचा. 2002 ते 2005 या काळात तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉ. कोडकणी यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तो केला. जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायांवर तो झाला, आणि औषध देणाऱ्या माझ्यासारख्या एएनएम होत्या. मिसोप्रोस्टॉल हे गर्भाशय आकसवणारं औषध. गोळी तोंडानं घ्यायची, सुई नको, फ्रीज नको. निम्म्या बायांना ती गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या बाराजणींना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात सहा-साडेसहाजणींना. 2006 साली लॅन्सेटमध्ये हे छापून आलं. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्या अभ्यासातली गोळी सगळ्यांना आठवते. मला आठवते ती पिशवी. बाळ बाहेर आलं की बाईच्या कमरेखाली प्लास्टिकचं कापड सरकवायचं. त्याचा पुढचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता, त्यावर मापाच्या रेघा. रक्त त्यात उतरतं आणि रेघेवर दिसतं. त्याच मंडळींनी हेही पडताळून पाहिलं की नुसत्या डोळ्यांनी अंदाज करणारी माणसं पिशवीच्या मापापेक्षा साधारण एक तृतीयांश रक्त कमी सांगतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ सुन्न बसून होते. आम्ही शिकलेल्या, हात लावणाऱ्या, विटाळ न मानणाऱ्या बायाही रक्त कमीच पाहत होतो. डोळ्यालाही सवय लागलेली असते. "थोडंसंच गेलं," हे वाक्य प्रसूतीच्या खोलीत इतकं सहज तोंडातून निघतं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला अजूनही टोचते, ती लपवत नाही. आठशेच्या वर बायांना बिनऔषधाची गोळी मिळाली. कुणाला कुठली, हे चिठ्ठीनं ठरलं. अभ्यासक म्हणतील, तेव्हा त्या बायांना एरवीही काहीच मिळत नव्हतं, आणि औषध गुणकारी आहे की अपायकारी हे माहीत नव्हतं. ते खरं आहे. चिठ्ठी टाकली नसती तर खात्री झाली नसती, हेही मला पटतं. तरी चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला पडलेल्या बाईचं देणं राहतं. आमच्याकडे सटवी लिहिते असं म्हणतात, तिथे जबाबदारी कुणाचीच नसते. इथे लिहिणारी माणसं होती. म्हणून त्या गोळीचा फायदा पुढे कुणापर्यंत पोचला, याचा हिशेब त्यांच्याकडून आणि आपल्या सगळ्यांकडून मागितला जायला हवा.

मापाच्या अशाच पिशवीवर पुढे आफ्रिकेतल्या केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या ऐंशी रुग्णालयांत, दोन लाखांवर बायांवर अभ्यास झाला. 2023 साली तो प्रसिद्ध झाला. रक्त वेळेवर मोजलं, मर्यादा ओलांडताच पोट चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम केलं, तर गंभीर रक्तस्राव आणि त्यापुढचे प्रसंग साठ टक्क्यांनी कमी झाले. पिशवी नव्हती तिथे निम्म्या जणींचा रक्तस्राव कुणाच्या लक्षातही आला नव्हता. औषधं जुनीच होती. नवं एवढंच, की कुणीतरी त्या रक्ताकडे नीट पाहिलं आणि वेळेत हलून कामाला लागलं.

मेळघाटात ही वेळ फार थोडी असते. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावतीचं डफरीन रुग्णालय. दीडशेच्या आसपास किलोमीटर. एकदा एका कोरकू घरात मी बाळंतिणीच्या अंगाखालची फडकी एकेक करून ओसरीत आणून पसरली, सगळ्यांसमोर. सासरा तोंड फिरवून बसला. मी म्हटलं, बाबा, इकडे पाहा, ही तुमची सून आहे. त्यानं पाहिलं, आणि न बोलता उठून गाडीचं पाहायला गेला. बाई वाचली. मी त्याला लीळाचरित्रातलं काही सांगितलं नव्हतं, बेळगावचंही नाही. पाहिल्यावर सांगायची गरज राहिली नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते मी गेल्या चैत्रात रिद्धपूरला जाऊन महंतबाबांपुढे मांडलं. प्रवचनात लीळा सांगता, तेव्हा ही विटाळाची भूमिकाही सांगा. बाळाच्या नामकरणाला तुम्हाला बोलावतात तेव्हा तर नक्की सांगा, त्या घरात पुढचं बाळंतपण होणार असतं. आणि नुसतं विटाळ नाही एवढ्यावर थांबू नका. फडकी पुरायची नाहीत, मोजायची, हेही सांगा. दंडवत घालून मी बोलत होते. म्हातारे महंतबाबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "सांगीन, माय. पण हे कोणापुढं सांगू, बायांपुढं का माणसांपुढं?"

मी म्हटलं, "आधी माणसांपुढं, बाबा. गाडी तेच बोलावतात."