गोखल्यांची माफी

१८९७ साल. पुण्यात प्लेगची साथ, आणि तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर थेट देवघरापर्यंत घुसत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत गेलेले. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. मायदेशी परतल्यावर पुरावा काही मिळेना. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पत्रं धाडणाऱ्यांची नावं मात्र उघड केली नाहीत.

काळ कसा होता? प्लेगचा अधिकारी रँड याचा खून झालेला, टिळक तुरुंगात. अशा वेळी सरकारची माफी मागणं म्हणजे लोकांच्या लेखी शरणागतीच. डिसेंबरात अमरावतीच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांना बोलूही दिलं नाही. वय होतं ३१.

माफी गरजेपेक्षा जरा सढळच झाली, असं मलाही वाटतं. सोजीर काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण ‘मला अमक्यानं कळवलं’ म्हणून हात झटकणं किती सोपं होतं! हल्ली तर ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ म्हटलं की सुटका. गोखल्यांनी सगळं अंगावर घेतलं, टोमणे सोसले आणि पुन्हा कामाला लागले. १८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात निवडून आले.