रिकामं भगोनं

ईदच्या सकाळी आमच्या दारात शिधा यायचा. पितळी परातीत कोऱ्या शेवया, साखर, खारका, चारोळी, खोबऱ्याची अर्धी वाटी, सोबत लोटीभर म्हशीचं दूध आणि वर चाचींनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. सोलापुरातला आमचा वाडा चार बिऱ्हाडांचा. आम्ही, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली अक्का, लिंगायत अव्वा आणि चाची. चाचींकडून बाकी तिन्ही घरी शिधाच जायचा, शिजवलेलं काही नाही. आजी तो घ्यायची, आमच्या चुलीवर खीर करायची, देवाला दाखवायची आणि आम्हाला वाढायची. होळीला मात्र आमच्याकडून चाचींकडे पुरणपोळ्या जात, तव्यावरच्या, गरम, तूप सोडलेल्या.

मी सहा-सात वर्षांची असताना आजीला विचारलं, "आपली पोळी त्यांना चालते, मग त्यांची खीर आपल्याला का नाही?" आजीनं उत्तर दिलं नाही. परात घासून तिच्यात चार लाडू ठेवले आणि मला पोचवायला पाठवलं. भांडं रिकामं परत करायचं नाही हा तिचा नियम होता.

त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे बराच काळ शोधत राहिले. तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगूला तपाअंती पहिल्यांदा कळतं ते हे की अन्न हेच ब्रह्म. पुढे त्याच वल्लीत सांगितलंय की आसऱ्याला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये. हदीसमध्येही पैगंबरांचं सांगणं आहे की रस्सा कराल तेव्हा पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा. दोन्हीकडे द्यायला सांगितलंय. देणं आपल्याला जमतंही. देताना हात वर असतो. दुसऱ्याच्या चुलीवर, दुसऱ्याच्या हातानं शिजलेलं तोंडात घालताना मात्र त्या माणसावर आपला जीव सोपवावा लागतो, आणि आपण घाबरतो ते तिथे.

महाराष्ट्राचा इतिहास या भीतीनं भरलेला आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. तेवढ्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपभर चहासाठी! एकनाथांच्या दोन कथा आहेत. श्राद्धाचं अन्न त्यांनी महारांना वाढलं ही एक, आणि पैठणात ते स्वतः महाराच्या घरी जेवायला गेले ही दुसरी. पहिली सगळे आवडीनं सांगतात. मला दुसरी मोठी वाटते.

तरी जेवणाचं फार कौतुक करू नये, हेही खरं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्पष्ट लिहिलं की सहभोजनानं जातीची भावना मरत नाही. माझ्या आईकडे पाहिलं की ते पटतं. आजी गेल्यानंतरच्या वर्षी चाचींनी पहिल्यांदा शिजवलेला शीरखुर्मा पाठवला. उंबऱ्याशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "अम्मा को बोल, नया भगोना है. इसमें कबी गोश नै पका." आईनं हसून घेतला आणि संध्याकाळी भांडीवाल्या मावशींना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी चाचींनी विचारलं, "कैसा था?" मी म्हटलं, "छान होता." त्यांचा चेहरा उजळला. आमच्यासाठी कोरं भगोनं विकत आणणारी ती बाई, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. ते खोटं अजून माझ्या घशात आहे.

आपलं दुसऱ्याला खायला घालणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो काय खात नाही हे लक्षात ठेवणं. हे चाचींनी शिकवलं. अव्वा कांदा-लसूण घातलेलं दुसऱ्याच्या घरचं खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी केळी आणि भाजलेले शेंगदाणे. श्रावणात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मासळी साफ व्हायची नाही. 2023 साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 29 जूनला. चाची तेव्हा नव्हत्या, पण त्यांच्या सुनेनं कुर्बानी दुसऱ्या दिवशी ठेवली. त्यासाठी तीन दिवस असतात, एवढंच ती म्हणाली. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, वाड्यावरून दिंडी जाते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्यात मृताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार कडू घास आणतो. मुसलमानांतही दुःखाच्या घरी लोकच जेवण पाठवतात. नातेवाईक अजून वाटेत होते. पहिलं ताट आलं ते चाचींकडून. त्याच भगोन्यात पिठलं, वेगळ्या ताटलीत भात, वर लिंबाची फोड. चाची आईशेजारी जमिनीवर बसल्या, भातावर पिठलं घातलं, कालवलं आणि घास तिच्या तोंडापाशी नेला. आईनं तोंड उघडलं. रडत रडत ती सगळं जेवली. पिठल्यात कढीपत्ता होता. आमच्याकडे घालत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आईनं भगोनं घासलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. सुतकाच्या घरातून काही पाठवता येत नाही. मी आत गूळ-शेंगदाणे तरी ठेवावेत का असं विचारलं, तर तिनं मान हलवली. "तसंच ने," म्हणाली.

चाचींनी भगोनं घेतलं, आत पाहिलं नाही, ओट्यावर पालथं ठेवलं.

"बैठ," म्हणाल्या. "चा पी के जा."

मी बसले. चहात आलं जास्त होतं. मी सगळा प्यायले.